अर्धी भिंत माझी

१८ मार्च १९८०, मंगळवार
काल पाडवा झाला आणि आज भिंत उभी राहिली. बाबांच्या माघारी सक्करदऱ्याच्या या घराची वाटणी एकदाची संपली. पुढच्या खोल्या सरळ वाटल्या गेल्या, घोडं अडलं ते न्हाणीपाशी. न्हाणी मागच्या अंगाला एकच, आणि भाऊ दोन. मी मोठा, गिरिधर धाकटा. विटेची भिंत घालायची तर नऊ इंच जागा जाते, आणि ते नऊ इंच कोणाच्या हिश्श्यातून जाणार यावर त्याची बायको उत्तरा दोन दिवस फुगून होती. शेवटी रामाजी सुतारानं तोड काढली. लाकडी चौकट उभी केली, दोन्हीकडून सिमेंटचे सपाट पत्रे ठोकले, वरून चुन्याचा हात मारला. मध्ये पोकळ. वाजवली की डब्यासारखी वाजते.

चौकटीचं लाकूड बाबांच्या सागवानी पलंगाचं. पलंग माझ्या वाटणीत आला होता, म्हणून चौकट माझी. माझ्याकडचा पत्रा माझा, त्याच्याकडचा त्याचा. कोणाचाही खिळा पलीकडे निघायचा नाही आणि गिरिधरनं माझ्या चौकटीला भोक पाडायचं नाही, असं शेजारच्या आनंदरावांसमोर ठरलं. गिरिधर हसून म्हणाला, "दादा, मधली हवा कोणाची?" मी म्हटलं, हवेचं नंतर पाहू. भैताड आहे, सगळ्यात त्याला हसू सुचतं.

आई एक महिना माझ्याकडे, एक त्याच्याकडे. तिथीप्रमाणे. चैत्र माझा, मी थोरला म्हणून. आईला विचारायचा प्रश्न आला नाही, घराच्या कागदावर तिचं नाव नव्हतंच.

२३ मार्च, रविवार
आरसा पडला. फुटला नाही, खाली बादलीत कपडे भिजत होते म्हणून वाचला. टॉवेलची दांडी परवाच पडली होती आणि साबणदाणी तर लावल्या लावल्या. पत्र्यात खिळा जातो, पण त्याला धरायला आत काही नाही. दोन दिवस दम काढतो आणि भुगा घेऊन खाली येतो.

यमु म्हणाली, "अहो, चौकटीच्या लाकडात मारा ना, पक्कं बसेल." ही माझी बायको. बाबांच्या पलंगाला भोकं पाडा म्हणते! सागवान आहे. उद्या भिंत काढायची वेळ आली तर लाकूड धड नको का राहायला? बायकांना पुढचं दिसत नाही. आरसा खिडकीत ठेवला आणि मान वाकडी करून दाढी केली.

५ एप्रिल
आई न्हाणीत पाटावरून उठताना घसरली. गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, "उठता-बसता धरायला काहीतरी लावा, या वयात हाड मोडलं तर पुन्हा उठायच्या नाहीत." धरायला काय, यमु आहे की. डॉक्टरांना बोलायला काय जातं!

आई म्हणाली, "मी उठीन गा सावकाश. तू नको जीवाले लावून घेऊ." मी कशाला लावून घेऊ? चैत्राचे दिवसच किती राहिले आता.

१६ एप्रिल
वैशाख लागला. सकाळी आईची पेटी गिरिधरच्या दाराशी नेऊन ठेवली. पेटी तशी हलकीच आहे. आई काठी टेकत मागून आली आणि मधेच ओसरीवर दम खायला बसली. उत्तरा दारात उभी राहून म्हणाली, "या आई, वाटच पाहून राहिली होती मी." सगळं दाखवायचं. आनंदराव फाटकात उभे होते ना!

२७ एप्रिल, रविवार
आज धाकटे बंधू रामाजीला घेऊन आले. हातात लोखंडी पाइपची दांडी, हातभर लांबीची. बाहेर आग ओकून राहिलं होतं आणि कूलरच्या वाळ्याच्या पडद्याला पाणी घालायचं सोडून मला त्यांचं ऐकत बसावं लागलं.

म्हणाला, "दादा, आईसाठी दांडी लावतो. नुसत्या पत्र्यात टिकणार नाही आणि चौकटीला तू हात लावू देत नाहीस. मग आरपार बोल्ट टाकतो. माझ्याकडे एक दांडी, तिच्या पाठीला पाठ लावून तुझ्याकडे एक. त्याच बोल्टांवर दोन्ही बसतात. तुझी माझीला धरते, माझी तुझीला. आई कुठंही असली तरी धरायले होते."

"म्हणजे तुझे बोल्ट माझ्या भिंतीत?"

"माझे काय नि तुझे काय दादा, आईसाठीच ना!"

इथंच तर गोम आहे. आज आईसाठी बोल्ट, उद्या आईसाठी दार. मी सांगितलं, ठरल्याप्रमाणे कोणाचं काही पलीकडे निघणार नाही. रामाजी तंबाखू मळत उभा होता, दोघांकडे पाहत. त्याला काय, इकडून सांगितलं इकडे ठोकतो, तिकडून सांगितलं तिकडे. गिरिधर दांडी उचलून गेला. जाताना हसला मात्र नाही.

६ मे
ऑफिसातून आलो, हातपाय धुवायला न्हाणीत गेलो तर समोर भिंतीवर एक लाकडी फळी, आणि फळीवर चार नट. चार! कोटाच्या गुंड्यांसारखे माझ्या भिंतीवर आवळून बसवलेले. बोल्टांची टोकं बोटाच्या पेराएवढी बाहेर.

"हे कोणी केलं?"

यमु म्हणाली, "भावजी आणि रामाजी आले होते. मी दार उघडलं."

"काहून उघडलं?"

"आई तिकडे पाटावरून उठायले अर्धा तास लावतात हो. उत्तरा सांगत होती, रडतात."

म्हणजे माझ्याच घरातून फितुरी. मी तडक पलीकडे गेलो आणि गिरिधरला सांगितलं की नट आजच्या आज काढ. तो नाही म्हणाला. तोंडावर नाही म्हणाला! आई खाटेवर बसली होती, तिनं मध्येच तोंड घातलं, "किस्ना, राहू दे गा. मले धरायले लय बरं झालं. आता कोणाले हाक मारा लागत नाही." मी तिच्याशी बोलायला गेलोच नव्हतो.

१० मे
ते नट डोळ्यांत खुपतात म्हणून आरसा त्यांच्यावर टांगला, दोरी बोल्टांच्या टोकांत अडकवून. फळी, नट सगळं झाकलं गेलं. आरसा हलत नाही. लोंबकळलो तरी पडणार नाही असा बसला आहे. आज कित्येक दिवसांनी सरळ मानेनं दाढी केली.

१३ मे
नवीनच भानगड. परवापासून ज्येष्ठ लागतो, पण अधिक ज्येष्ठ. धोंड्याचा महिना. त्यानंतर निज ज्येष्ठ. गिरिधरचं म्हणणं, ज्येष्ठ तुझा ना, मग अधिकही तुझा आणि निजही तुझा. म्हणजे दोन महिने सलग! मी म्हटलं, अधिक महिना हा वरचा, वाटणीत तो धरलेलाच नव्हता. न धरलेली वस्तू माझ्या गळ्यात कशी मारता? तू ठेव. तो म्हणाला, "मी ठेवतो ना दादा, पण मग उत्तरा म्हणते निज ज्येष्ठातही तू काहीतरी काढशील." पाहा, माझ्याबद्दल घरात काय बोललं जातं ते.

मी निक्षून सांगितलं की अधिक महिना माझा नाही.

१५ मे, गुरुवार
आजचा दिवस लिहावासा वाटत नाही, पण लिहितो, कारण माझं काही चुकलेलं नाही.

सकाळी उत्तरानं आईची पेटी ओसरीच्या मधोमध आणून ठेवली. माझ्या दारासमोर नाही, त्यांच्याही नाही. आई पेटीवर बसली. त्यांनी दार लावलं. मग मीही लावलं. आधी उघडलं तर कबूल केल्यासारखं होतं. यमु दोनदा उठली, दोनदा तिला खाली बसवलं. दुपारी ओसरीवर ऊन आलं तेव्हा आईनं पदर डोक्यावर घेतला आणि पेटीसकट सरकायचा प्रयत्न केला. खिडकीच्या फटीतून दिसत होतं. पेटी सरकली नाही. मग तशीच बसली. तिनं हाक मारली असती तर मी उघडलं असतं. मारलीच नाही. कोणाचंच नाव घेतलं नाही तिनं. हट्टी आहे, पहिल्यापासून.

ऊन कललं तसे आनंदराव पाणी घेऊन आले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कृष्णकांतराव, धोंड्याच्या महिन्यात लोक जावयाले बोलावून खाऊ घालतात, तुम्ही मायले उन्हात वाळू घातली का?"

लोक जमले म्हणून दार उघडलं. अधिक महिना मी घेतला, पण निज ज्येष्ठ गिरिधरचा, हे आनंदरावांसमोर वदवून घेतलं. तेवढं तरी पदरात पडलं.

२५ मे, रविवार
आई इथं आल्यापासून यमुची भुणभुण सुरू आहे. "आपल्याकडेही दांडी लावा. चार बोल्ट आहेतच, आरसा काढायचा आणि त्यावर बसवायची." म्हणजे गिरिधर म्हणाला तेच! त्याच्या बोल्टांवर माझी दांडी. मी आरसा काढणार नाही म्हणून सांगितलं.

एक पाहतो आहे. मी घरी असलो की आई अंघोळच करत नाही. रविवारी म्हणते, "आज कसकस आहे, राहू दे." इतर दिवशी मी ऑफिसातून येतो तेव्हा न्हाऊन, केस विंचरून, ताजी बसलेली असते. म्हणजे अंगात ताकद आहे, गरज पडली की उठता येतं. नाटकं फक्त मला दाखवायला.

११ जून, बुधवार
आज चोरी पकडली.

संध्याकाळी घरी येताना पाहिलं, गिरिधरच्या दोरीवर आईची पांढरी नऊवारी वाळत होती, करड्या काठाची. मागच्या आठवड्यातही दिसली होती, तेव्हा वाटलं भास असेल. आई माझ्याकडे, तिची पेटी माझ्याकडे, मग लुगडं त्यांच्या दोरीवर कसं? उत्तराच्या मनात गोधडी शिवायचं असणार. आईच्या जिवंतपणी लुगडी ओढायला लागली बाई!

यमुला विचारलं तर ती चुलीकडे वळली. म्हणाली, "वाऱ्यानं उडून गेली असंल." रोज वारा बरोबर तेवढंच लुगडं नेतो का? तिचे कान लाल झाले होते. जावा जावा एक झाल्या आहेत, एवढं समजायला मला कोणी सांगायला नको.

भांडायला गेलो असतो तर आनंदराव पुन्हा टपकले असते. म्हणून मी फक्त माझ्या हक्काचं केलं. यमु गिरणीत गेली होती. पाना घेतला, आरसा उतरवला आणि माझ्या बाजूचे चारही नट काढले. फळीही काढली. बोल्टांना हात लावला नाही, ते त्याचे आहेत. त्याच्या दांडीलाही हात लावला नाही. नट माझ्या भिंतीवर होते, म्हणून काढले. आरसा पुन्हा बोल्टांच्या टोकांवर टांगला, यमुच्या लक्षातही येणार नाही. उद्या उत्तरा ओलं लुगडं त्या दांडीवर टाकेल आणि दांडी पायावर आदळेल तेव्हा कळेल तिला, दुसऱ्याचं ओढून नेलं की काय होतं ते.

आई न्हाणीच्या दाराबाहेर पेटीवर बसली होती. पाना गंजलेल्या नटावर कुरकुरत होता.

"काय करून राहिला रे किस्ना?"

"नट पाहून राहिलो, दांडीचे."

"बरं केलं बाबा," ती म्हणाली. "लय बरं केलं."

तिला काय कळतं? नट खिशात टाकले आणि जेवायला बसलो. आंब्याचा रस होता.

१२ जून, अमावास्या
जसं झालं तसं लिहितो.

ऑफिसात गेलो तर मोठे साहेब गेल्याची बातमी, ऑफिस बंद. साडेअकराच्या सुमाराला परत आलो. घरात कोणी नाही. यमु नाही, आई नाही. वाटलं, अमावास्या आहे, देवळात गेल्या असतील. घामानं जीव नकोसा झाला होता. न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशात पाहिलं. मनात आलं, आजचा दिवस गेला की उद्या निज ज्येष्ठ, उद्या पेटी पलीकडे. चेहरा चांगला दिसत होता. मी हसलोसुद्धा.

तेवढ्यात आरसा थरथरला. गोगलगायीची शिंगं आत जावी तशी बोल्टांची टोकं माझ्या डोळ्यांदेखत भिंतीत गेली, चारही. आरसा खाली येऊन फुटला. समोर चार भोकं राहिली. आणि त्या भोकांतून आवाज आला. आधी लोखंडाचा, मग आईचा. ती ओरडली नाही. "आई वं" एवढंच म्हणाली, लहान पोरीसारखी.

मग यमुचा आवाज, "आई! आई, मी टॉवेलच आणायले वळली होती वं!"

यमु पलीकडे काय करत होती? आई पलीकडे काय करत होती? महिना माझा आहे! मला न विचारता मागच्या दारानं रोज तिकडे अंघोळीला नेत होत्या, दोघी जावा मिळून. लुगडं म्हणून तिकडे वाळत होतं. मला कोणी एका शब्दानं सांगितलं असतं तर? मी घरातला पुरुष, आणि मला कोणी सांगत नाही!

आईला खाटेवर घालून दवाखान्यात नेलं. दांडी तिच्या मुठीत होती. बोटं सोडवेनात. नर्सनं एकेक बोट उघडून ती काढून घेतली.

मी घरी आलो तर यमु न्हाणीत गुडघ्यांवर बसून काचा वेचत होती. तळहात रक्ताळले होते. मी म्हटलं, राहू दे, झाडू घे. ती काचा वेचत नव्हती.

"नट कुठं आहेत?" तिनं विचारलं.

"कुठले नट?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग उठली, हात धुतले आणि गिरिधरकडे गेली. रात्री आली नाही.

१४ जून
खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणतात, या पुन्हा उठणार नाहीत. किती दिवस काढतील तेही सांगता येत नाही.

गिरिधर दवाखान्याच्या व्हरांड्यात कपाळ बडवून घेत होता. "मीच मारलं तिले, दादा. तू सांगत होतास, बोल्ट टाकू नको म्हणून. मी ऐकलं नाही. बोल्ट पुरे पडले नाहीत."

मी म्हटलं, "मी तेव्हाच सांगितलं होतं." खोटं काय आहे त्यात? सांगितलंच होतं.

त्याच्या पाठीवर हात ठेवला तर तो लहानपणी रडायचा तसा रडला. मला गलबलून आलं. खरंच आलं.

१७ जून
नट खिशातच आहेत. तलावात टाकावे म्हणून दोनदा गेलो. काठावर कोणी ना कोणी असतंच. यमु अजून पलीकडेच आहे, आईचं करायला. स्वयंपाक उत्तरा पाठवते. ताट दारात ठेवून जाते, बोलत नाही. तिला काही माहीत आहे की ही तिची नेहमीची गुर्मी, कळत नाही.

२२ जून, रविवार
आईला घरी आणलं. गिरिधरनं तिला आपल्याकडेच ठेवली. म्हणाला, "आता महिने नाहीत दादा. मरेपर्यंत माझ्याकडे. माझं पाप मी फेडतो." मी नाही म्हणालो नाही.

संध्याकाळी पाहायला गेलो. आई खाटेवर, पायाला वजन बांधलेलं. केवढीशी झाली आहे. यमु पायथ्याशी होती, उत्तरा वारा घालत होती. गिरिधर उशाशी बसून पुन्हा तेच बोलत होता, माझे बोल्ट खोटे, माझी दांडी खोटी.

आईनं डोळे उघडले. "रडू नको रे. तुही दांडी चांगली होती. मीच भलत्या जोरानं धरली. एवढे दिवस भिऊन भिऊन धरत होती, यमुच्या खांद्यावर अर्धा भार देऊन. त्या दिवशी म्हटलं, यमुले काहून तरास देऊ? पुरा भार टाकला."

"काहून टाकला आई?" यमुनं विचारलं. ती आईकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

"काहून म्हणजे? आदल्या दिवशी किस्नानं पाना लावून नट आवळले ना! मी बाहेरच बसून होती, ऐकलं मी. मनात म्हटलं, बोलत नाही माहा पोरगा, पण मायसाठी घट्ट करून राहिला."

तिनं माझ्याकडे हात केला. मी धरला. दुसरा हात खिशात होता, नटांवर.

यमु उठून बाहेर गेली. गिरिधर माझ्याकडे पाहतच राहिला, मग खाली वाकला आणि रडत रडत त्यानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाला, "दादा, मी तुले काय काय समजत होतो."

मी पाय मागे घेतले नाहीत.